उगवतीचं प्रस्थान

जपान आमच्या घरापासून नेमकं कोणत्या दिशेला येतं, यावरून माझ्या सासूबाई आणि जोशीबुवा यांची एका सकाळी चांगलीच जुंपली होती. वाद फुकाचा नव्हता. माघाच्या अखेरीस मी आणि आमचे हे जपानला निघणार होतो, आणि निघायचा चांगला मुहूर्त मात्र माघाच्या सुरुवातीलाच येत होता. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. म्हणजे मुहूर्ताच्या घटकेला एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्याच्या अंगावरचा एखादा कपडा बांधायचा, आणि ते गाठोडं जायच्या दिशेला जो शेजारी असेल त्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस घरीच असतो, पण शास्त्रापुरता तो निघालेला असतो. मग खरोखर निघताना ते गाठोडं उचलायचं आणि मागे न फिरता वाटेला लागायचं.

जोशीबुवांचं म्हणणं, गाडी जळगावहून मुंबईला जाते, मुंबई मावळतीला, तेव्हा प्रस्थानही मावळतीला. सासूबाई अमळनेरकडच्या खेड्यातल्या. त्यांनी आगगाडीला कधी फारसं मोजलं नाही.

"गाडी कथा बी जावो," त्या म्हणाल्या. "जानं उगवतले शे ना? मंग पस्तान उगवतलेच."

सासूबाई जिंकल्या. त्या नेहमीच जिंकत. मावळतीला एक वाणीण राहायची, जिभेची तिखट. गाठोडं तिच्याकडे गेलं असतं तर पंधरा दिवसांत तिनं चार टोमण्यांसकट ते आमच्या ओट्यावर आणून आपटलं असतं, आणि मला आज हे लिहायला बसावं लागलं नसतं. उगवतीला अक्का राहायच्या.

आधी जपानचं सांगते, नाहीतर जळगावच्या गल्लीतली बाई जपानला कशाला निघाली होती, असं वाटेल. आमचे हे रुईचे पारखी होते. स्टेशनाजवळच्या जिनिंगमध्ये एका जपानी कंपनीचा खरेदीचा कारभार चाले, तिथे ते नोकरीला होते. ढिगातून चिमूटभर रुई उचलायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, आणि तंतू किती लांब हे डोळ्यांनी सांगायचं, हे त्यांचं काम. तिथला जपानी साहेब त्यांच्यावर खूश होता. त्यानं ठरवलं की या माणसाला एकदा रुईच्या गठाणींबरोबर तिकडे पाठवायचं, तिकडच्या गोदामात माल कसा पारखतात ते दाखवायचं. आणि जायचंच आहे तर बायकोलाही ने, म्हणाला. हे त्याला कसं सुचलं कोण जाणे. आमच्यात तोवर कोणी बायकोला नाशिकच्या पलीकडे नेलं नव्हतं.

साहेबाच्या टेबलावर काही चित्रं होती, ती त्यानं यांच्याजवळ दिली. एका बेटाची. नाव ओशिमा. चारी बाजूंना समुद्र, मधोमध डोंगर, आणि डोंगराच्या डोक्यातून धूर. खाली गर्द हिरवी झाडं आणि त्यांच्यावर लालभडक फुलं. वसंतात ही फुलं पाकळी पाकळी झडत नाहीत, अख्खीच्या अख्खी खाली पडतात, आणि काळ्या राखेवर लाल सडा होतो, असं साहेबानं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं होतं. तो लहानपणी आईबरोबर तिथे गेला होता. "काम पीछे," तो यांना म्हणाला, "पहले वो पहाड़ देखो."

झालं. त्या दिवाळीपासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

आम्ही दोघं तेव्हा तरुण, मूलबाळ नाही, डोक्यावर कोणी नाही, सासूबाई गावी. संध्याकाळी हे जिनिंगमधून आले की ओट्यावर चित्रं मांडायची आणि बेत करायचे. बरोबर काय न्यायचं? तिखट पुऱ्या, सांडगे, शेंगदाण्याची चटणी. बोटीवर आणि पुढे काय खायला मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि मी मासळीच्या वासानं मरेन अशी यांना धास्ती. ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ तसंच न्यावं की भाजून न्यावं, यावर आमचं भांडणसुद्धा झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते आम्हीच. डोंगराच्या राखेत वहाणा रुततात, तिथे बूट लागतात, असं कळल्यावर यांनी माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. बाईमाणसाच्या पायात बूट! मी दार लावून परसात चालायचा सराव करायची.

तिथेच अक्कांनी मला पकडलं. आमचं परस आणि त्यांचं परस यांच्यात फक्त एक तुऱ्हाट्यांचं कूड होतं. कुडावरून त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडात धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

अक्का विधवा. चाळिशीच्या पुढच्या असतील. एकुलती एक मुलगी सावद्याला दिलेली. नवऱ्याच्या भाऊबंदांनी शेत घेतलं आणि बोलणंही टाकलं, तेव्हापासून या एकट्या. गोधड्या शिवून पोट भरायच्या. टाका असा घालायच्या की उसवायला कात्री लागायची. सणावारी त्या पुढे येत नसत. हळदीकुंकवाच्या दिवशी स्वतःहून दार ओढून घ्यायच्या, म्हणजे बोलावू की नको याचा पेच कोणाला पडायला नको. त्या दिवसापासून मात्र त्या संध्याकाळच्या आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. मांडीवर गोधडी, हातात दाभण, आणि डोळे चित्रांवर.

"डोंगरमा चूल कोन पेटाडस व?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

यांना शिकवायची हौस. त्यांनी पृथ्वीच्या पोटातली आग समजावली. आपली काळी जमीनसुद्धा फार फार मागे अशाच आगीतून वाहत आलेली आहे, असंही सांगितलं.

"मंग आपला उनपदेवले ऊनं पानी येस, तसंच का?" अक्का म्हणाल्या. यांनी मांडीवर थाप मारली. उनपदेवच्या गरम झऱ्यासारखं, अगदी तसंच, अक्का. त्या बेटावरच्या बायका डोक्यावर घागरी ठेवून पाणी आणतात हे एका चित्रात होतं. ते पाहून अक्का म्हणाल्या की घागरीच पाहायच्या तर आपली विहीर काय वाईट आहे, समुद्र कशाला ओलांडायचा? पण ते चित्र त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ हातात धरलं. मला वाटतं त्या बेटावर आम्हा दोघांपेक्षा त्याच जास्त जाऊन आल्या.

तर प्रस्थान. सासूबाई मुहूर्तासाठी मुद्दाम गावाहून आलेल्या. उगवतीला अक्कांचं घर आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्या काळातल्या होत्या. उगवतीला आणखी चार घरं सोडून दुसरं सवाष्णीचं घर आहे का, असं त्यांनी हळूच मला विचारलं. ते यांच्या कानावर गेलं आणि यांना जोर चढला. विधवेच्या घरी प्रस्थान ठेवायचं नाही हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? आपण जगाच्या टोकाला निघालो आणि हे खूळ बरोबर नेणार? ठेवायचं तर अक्कांकडेच ठेवायचं, नाहीतर ठेवायचंच नाही. मीही मान डोलावली. मलाही आपण फार पुढारलेल्या आहोत असं वाटत होतं. त्या दिवशी आम्ही दोघं स्वतःवर इतके खूश होतो की आठवलं की अजून लाज वाटते.

अक्कांना सांगायला गेलो तर त्या मागे सरल्या. "मन्हा घर नको, भाऊ. मी अशी."

"अशी म्हणजे कशी?" हे म्हणाले आणि गाठोडं त्यांच्या हातात ठेवूनच मोकळे झाले. यांचा एक धुतलेला सदरा आणि माझी हिरवी चोळी, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड. अक्कांनी ते पदरात घेतलं. नवरा गेल्यापासून शुभकार्यातली वस्तू त्यांच्या हाती कोणी दिली नव्हती. त्यांनी आतल्या खोलीतल्या देवळीत देवाशेजारी ते ठेवलं आणि कितीतरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी मग माघार घेतली, पण आपला अधिकार सोडला नाही.

"अक्का, पस्तान शे तवलोंग घरले कुलूप लावू नका," त्यांनी बजावलं. "सांजना दिवा चुकाडू नका. परदेसनं जानं शे."

अक्का हो म्हणाल्या. आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न होता.

माघ संपत आला तरी पासपोर्टाचे कागद येईनात. आज येतील, उद्या येतील. फाल्गुन लागला. बोटीतली जागा गेली. साहेब म्हणाला, हरकत नाही, पुढच्या वसंतात. डोंगर कुठे जातो? मग त्यालाच पावसाळ्यात तिकडून बोलावणं आलं. जाताना त्यानं ती चित्रं आमच्याकडेच राहू दिली आणि पुढच्या वसंताचं पुन्हा बजावून सांगितलं. हिवाळ्यात जपान युद्धात उतरलं.

कंपनीच्या दारांना सील लागलं. यांना पोलीस कचेरीत बोलावून नेलं, बसवून ठेवलं, साहेब काय बोलायचा, कोणाला भेटायचा, तुम्ही तिकडे कशाला निघाला होतात, असं उलटसुलट विचारलं. यांनी कधी कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं, पण घरी आले ते पांढरेफटक होऊन. त्यांनी ओशिमाची सगळी चित्रं बंबात टाकली. पाणी तापेपर्यंत तिथेच बसून राहिले. या घरात आता त्या देशाचं नाव निघता कामा नये, एवढंच बोलले.

नाव निघालं नाही. घरात नाही आणि बाहेर तर मुळीच नाही, कारण बाहेर आमचं हसं झालेलं. वाणीण ओट्यावरून विचारायची, "काय बाई, आलात का बेटावरून?" मी इतक्या जणींना बूट दाखवले होते, इतक्या जणींना चटणीचं प्रमाण विचारलं होतं, की आता तोंड लपवायला जागा नव्हती. हात दाखवून अवलक्षण. यांना कितीतरी महिने काम नव्हतं. मग एका व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये लागले, पगार निम्मा. आम्ही संध्याकाळी ओट्यावर बसणं सोडलं.

आणि अक्कांकडे जाणंही सोडलं. भांडण नाही, काही नाही. पण त्या दिसल्या की तो ओटा आठवायचा. त्या येऊन जाऊन बोलायच्या, भाजी द्यायच्या, कधी त्या गोष्टीचा शब्दही काढायच्या नाहीत. मला वाटायचं, शहाण्या आहेत, जखमेवर बोट ठेवत नाहीत. देवळीतलं गाठोडं? खरं सांगते, ते माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. यांच्याही. सदरा कुठे गेला असं एकदा यांनी विचारलं होतं, आणि मी परटाला शिव्या दिल्या होत्या.

आता आखाजीचं सांगायला हवं. आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. वैशाखाच्या तोंडाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षभराचं सगळं त्या चार दिवसांत भरून काढायचं. पण लेक आपण होऊन येत नाही. माहेरचं माणूस मुऱ्हाळी म्हणून न्यायला जावं लागतं. कोणी न्यायला आलं नाही तर सासरचे पाठवत नाहीत, आणि पाठवलं तरी लेकीला ते कमीपणाचं. अक्कांना मुलगा नाही, भाऊबंद तुटलेले. म्हणून त्या स्वतःच सावद्याला जायच्या. लुगडं नेसलेला मुऱ्हाळी म्हणून गल्ली त्यांना चिडवायची. त्या हसायच्या आणि दोन मुक्काम करून लेकीला घेऊन यायच्या. आमचं प्रस्थान ठेवलं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांची लेक बाळंतपणाला येऊन, नात पदरात घालून, परत गेलेली. येत्या आखाजीला दोघींना आणायचं म्हणून अक्का नातीसाठी तांबड्या काठाचं दुपटं शिवत होत्या. आमच्या ओट्यावर त्यांच्या मांडीवर असायचं, ते तेच.

त्या आखाजीला लेक आली नाही. पुढच्या आखाजीला आली नाही. मी कुडावरून विचारायची, "अक्का, पोर नाही आली?"

"पुढला वरीसले येई," त्या म्हणायच्या.

एकदा जावई येऊन गेला. आत काय बोलणं झालं कळलं नाही, पण जाताना त्याचा चेहरा पडलेला होता. मी आणि यांनी आपसांत निष्कर्ष काढला की मायलेकींत काहीतरी बिनसलंय. एकटं राहून माणूस हट्टी होतं, हे म्हणाले. गल्लीत कीर्तन असो की कोणाचं लग्न, दिवेलागण झाली की अक्का उठून घरी. आम्ही चेष्टा करायचो, "अक्का, घरात काय सोनं पुरलंय का?" त्या नुसत्या हसायच्या. लढाईच्या त्या दिवसांत रॉकेल मिळेना, गोडं तेल मिळेना, तेव्हा मी एकदा बाटली घेऊन त्यांच्या दारात गेले. मला ठाऊक होतं की त्यांच्याकडे थोडं साठवलेलं आहे, आणि एकट्या बाईला एवढं कशाला, असंही मनात आलं होतं.

"दिवापुरतं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "बाकी लई जाय."

मी बाकीचं घेऊन आले आणि वांगी परतली.

लढाई संपली त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट. अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. गोधड्यांचं काम सुटत चाललेलं. दोन दिवस त्या दिसल्या नाहीत म्हणून मी संध्याकाळी तांब्याभर पेज घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. आत गेले तर अक्का तापानं फणफणलेल्या, भिंतीला धरून उभ्या, आणि देवळीतल्या पणतीत वात बसवायला चाचपडत होत्या. हात चुकत होता. तेल सांडलं होतं. मी पुढे होऊन वात बसवली, काडी ओढली. उजेड पडला तेव्हा देवाशेजारी मला फडक्यातून डोकावणारा यांचा सदरा दिसला.

घडी तशीच. वर गाठ तशीच. माझ्या हिरव्या चोळीची कड बाहेर आलेली. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला वर ठेवलेला, ताजा.

"अक्का, हे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं तरी विचारलं.

"तुम्हनं पस्तान शे ना व," त्या म्हणाल्या. "बठ्ठं जसंनं तसं शे. तांदूय तेवढा बदलास."

तांदूळ तेवढे बदलते. आमच्याकडे ज्वारी-बाजरी खाणारी माणसं. तांदूळ सणाला आणि पाहुण्याला. लढाईत तर तो आजाऱ्याच्या पेजेलाही मिळत नव्हता. तांदळाला कीड लागून टोके पडले की ही बाई आमच्या गाठोड्यातले तांदूळ काढून आपल्याकडचे नवे मूठभर घालत होती, आणि टोके पडलेले आपण शिजवून खात होती.

मी खालीच बसले. मग हळूहळू एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसू लागली. दिवेलागणीला उठून जाणं. तेलाची बाटली. जावयाचा पडलेला चेहरा. सावद्याला जायचं तर दोन मुक्काम, म्हणजे घराला कुलूप आणि देवळीत अंधार.

"अक्का, म्हणून तुम्ही लेकीला आणायला गेला नाहीत?"

त्यांनी पदरानं सांडलेलं तेल टिपायला घेतलं.

"अहो, मला सांगायचं होतं! मी लावला असता दिवा. मी राहिले असते इथे. नाहीतर नुसतं म्हणायचं, उचला तुमचं गाठोडं!" मी ओरडलेच त्यांच्यावर. स्वतःवर ओरडता येत नाही तेव्हा माणूस समोरच्यावर ओरडतं.

"कसं म्हनू, माय?" त्या म्हणाल्या. "उचला म्हननं म्हंजे तुम्हनं जानं मोडनं. अशी गोट मन्हा तोंडतून कशी काढू? आधीच मी अशी. भाऊनी इतला इस्वासथीन ठेवं." मग थोडं थांबून, ज्या बाजूला मी बसले होते त्या बाजूला चेहरा वळवून, अगदी आशेनं त्यांनी विचारलं, "आते निंघतस का? लढाई सरनी ना?"

मी त्यांना धरून अंथरुणावर निजवलं. विधवेच्या घरी प्रस्थान ठेवण्यात काही वाईट नाही, हे आम्ही जगाला दाखवून दिलं होतं. तिला मात्र ते मोडलं असं तोंडानं म्हणायची भीती वाटत राहिली, आणि ती भीती घालवायला आमच्यापैकी कोणी कुडापलीकडे गेलं नव्हतं. दिवा न चुकवण्याचं वचन तिनं सासूबाईंना दिलं होतं. सासूबाईंनासुद्धा तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती.

घरी येऊन यांना सांगितलं. हे जेवत होते. हात ताटातच थांबला. मग ते उठले, चूळ भरली, आणि ओट्यावर जाऊन बसले, कितीतरी दिवसांनी. परत आत आले तेव्हा म्हणाले, "उचलायला तर हवंच. पण उचललं की निघावं लागतं. नुसतं घरी आणलं तर ती बाई म्हणेल, माझ्या घरून यांचं जाणं मोडलं."

"मग?"

"प्रस्थान उगवतीचं आहे ना? सावदाही उगवतीलाच आहे."

अक्कांचा ताप उतरेपर्यंत थांबलो. आखाजी तोंडावर आली होती. यांनी धुतलेले कपडे घातले, मी नवं लुगडं नेसले. अक्कांच्या देवळीपुढे नमस्कार केला, यांनी गाठोडं उचललं, आणि मागे न पाहता आम्ही बाहेर पडलो. सावद्याला तुम्हीही चला, तिकडूनच पुढे जायचं आहे, असं यांनी अक्कांना आधीच सांगितलं होतं. खोटं होतं. अक्कांना ते खोटं कळलं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. घराला लावायला म्हणून त्यांनी आदल्या रात्री कुलूप काढलं तर ते गंजून एकजीव झालेलं. किल्ली फिरेना. शेवटी आमचं कुलूप आणून ठेवलं होतं, ते लावलं.

भुसावळला गाडी बदलली. सावद्याच्या स्टेशनावरून टांगा केला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाटाचं पाणी, गारवा. अक्का वाऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मधूनच विचारत होत्या, केळी लागल्या का? लागल्या, अक्का. मांडीवर त्यांचं एक बोचकं होतं. त्यात ते दुपटं होतं हे मला माहीत होतं, आणि पाळण्यातल्या मुलीसाठी शिवलेलं ते दुपटं आता कोणाच्या कामाचं होतं, हा विचार मी करत नव्हते.

लेक दारातच होती. आईला टांग्यातून उतरताना पाहिलं आणि ती तिथेच उभी राहिली. धावली नाही. इतक्या वर्षांचा राग होता तो, आणि तिचा हक्कच होता त्यावर. मग अक्कांनी पायरी शोधायला पाऊल हवेत फिरवलं, आणि तिच्या लक्षात आलं की आईला दिसत नाही. तेव्हा ती धावली.

आत गेल्यावर नातीला पुढे केलं. चांगली सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, नाकीडोळी अक्कांसारखी. अक्कांनी शेवटची पाहिली ती मूठभर मांसाचा गोळा असताना. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून बोटं फिरवू लागल्या. बोटं तीच, टाके घालणारी. पोरगी अंग चोरून आईला चिकटली.

"ही कोन?" तिनं विचारलं.

"आजी हाये तुही," लेक म्हणाली.

"मंग इतक्या दिवस काउन नाही आली?"

जावयानं माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी मांडीवरच्या गाठोड्याकडे. शेवटी अक्काच बोलल्या, आणि काय त्या आवाजात तोरा होता! सगळ्या घरानं ऐकावं म्हणून त्यांनी मान वर केली होती. या लोकांना समुद्रातल्या डोंगरावर जायचं होतं, त्यांनी एवढ्या गावातून आपल्याच घरी प्रस्थान ठेवलं, ते राखत होते मी, बाळ, एकही सांज दिवा चुकला नाही, असं त्यांनी नातीला सांगितलं. डोंगरातून धूर निघतो, खाली लाल फुलं पडतात, बायका डोक्यावर घागरी नेतात, हेही सांगितलं. एकही गोष्ट विसरल्या नव्हत्या.

पोरगी माझ्याकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते.

"तुम्ही गेल्ते तिथी?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

तिला पुढचं ऐकायचं होतं. मुलांना वाटतं, गोष्टीला पुढचं असतंच. अक्कांनी हात पुढे करून चाचपडत माझं मनगट शोधलं आणि थोपटलं, जणू मलाच धीराची गरज होती.

"जातीन ना व," त्या नातीला म्हणाल्या. मग मला, जरा खालच्या आवाजात, मागावं तसं, "पुढला येळे बी पस्तान मन्हाच घर ठेवज्यात, माय. दुसराकडे नका ठेवू."

मी हो म्हटलं.